आठ वाट्या

बाइंडरच्या दुकानात आठ वाट्या होत्या, आणि त्यांतल्या एकीतूनही कधी कुणी काही खाल्लं-प्यालं नव्हतं. चार कामाच्या टेबलाच्या पायांखाली, चार भिंतीलगतच्या जड लाकडी मांडणीच्या पायांखाली. पुस्तकं बांधायची म्हणजे खळ आली. खळ म्हणजे शिजवलेलं पीठ, आणि पिठाकडे यायला मुंग्यांना आमंत्रण लागत नाही. पुठ्ठ्याच्या कडेनं आत शिरल्या की पुस्तकाची पाठ पोखरून काढतात. म्हणून प्रत्येक पाय वाटीत उभा. वाटी ओलांडायची मुंग्यांची छाती होत नसे.

पूर्वी या वाट्यांत रॉकेल असायचं. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली बाइंडर हे काम शिकला, त्याचीच ती पद्धत. पण सात वर्षांपूर्वी एका बाईनं आपल्या गेलेल्या नवऱ्याची पत्रं बांधायला आणून दिली. त्यानं ती फार मन लावून बांधली, कण्यावर सोनेरी रेघ ओढली. बाईनं पुस्तक हातात घेतलं, उघडलं, नाकाशी नेलं आणि परत टेबलावर ठेवलं. म्हणाली, "याला रॉकेलचा वास येतो." पैसे देऊन, पुस्तक पिशवीत घालून निघून गेली. त्या दिवसापासून त्यानं दुकानात रॉकेल येऊ दिलं नाही. वाट्यांत साधं, स्वच्छ पाणी.

वाट्या रिकाम्या करायच्या तर टेबल आणि मांडणी उचलायला हवी, आणि मांडणीवर कायम शंभरेक पुस्तकं वाळत पडलेली. म्हणून पाणी आटलं की तो तांब्यानं वरून भर घाली. सात वर्षांत वाट्यांचा तळ कुणी पाहिला नव्हता.

गल्लीत त्याला मास्तर म्हणत. त्यानं जन्मात कुणाला शिकवलं नव्हतं, पण बांधायला आलेलं पुस्तक वाचल्याशिवाय तो परत देत नसे आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यापलीकडे कुठंतरी बघे, एवढं गल्लीला पुरेसं होतं. लग्न केलं नाही. दुकानामागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची विधवा वहिनी राहत. फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांच्या जुड्या, शिवायचं काम वहिनीचं. मेण लावलेला दोरा, लांब सुई आणि तोंडाचा पट्टा, तिन्ही एकाच वेगानं चालत.

"भावजी, संध्याकाळ झाली की या मांडणीखालून चिलटं उठतात हो," त्या म्हणत.

"गटारातली असतील."

"गटार रस्त्याच्या पलीकडे. चिलटं मांडणीखाली. पुस्तकं वाचायला येतात वाटतं."

"बघतो," तो म्हणे, आणि बघत नसे.

दर मंगळवारी पळीवाली यायची. ती आरोग्य खात्याची तपासणीस होती, तिशीतली, कंत्राटावर लागलेली. साठलेलं पाणी काढून बघायला तिच्याजवळ लांब दांड्याची पळी असे, म्हणून गल्लीनं तिला पळीवाली करून टाकलं होतं. कमरेला बॅटरी, खांद्याला झोळी. पिंप, कुंड्या, फ्रिजमागचा ट्रे, सगळीकडे पळी बुडवायची, पाणी पांढऱ्या बशीत ओतून बघायची आणि दारामागच्या कार्डावर तारीख घालून सही करायची.

वर्षापूर्वी ती पहिल्यांदा दुकानात आली, तेव्हा मांडणीवर ग्रंथालयाची साठ पुस्तकं ओली होती. ती गुडघ्यांवर बसली, बॅटरी आत मारली.

"मास्तर, या वाट्यांत काय?"

पाणी म्हटलं असतं तर तिनं वाट्या रिकाम्या करायला लावल्या असत्या. म्हणजे मांडणी उचलायची, म्हणजे शेजारून चार माणसं बोलवायची, आणि ती घाम गाळत असताना आपण मध्ये उभं राहून 'सांभाळून, सांभाळून' म्हणायचं.

"रॉकेल," तो म्हणाला.

"वास नाही येत तो."

"जुनं आहे. उडाला असेल."

तिनं पळी आत सारून पाहिली. मांडणीखालची फट अरुंद, पळी जाईना; टेबलाखालच्या वाट्या जाड पायांनीच भरलेल्या, तिथंही ती मावेना. सरसाचे थेंब ठिबकून पाण्यावर तवंग धरला होता, तो बॅटरीच्या उजेडात चमकला.

"तवंग आहे खरा," ती उठत म्हणाली. "आणि तुम्ही म्हणता म्हणजे असेलच. लोक माझ्यासमोर पिंपावर बसून सांगतात, पिंप नाहीच म्हणून. गल्लीत एक तरी खरं बोलणारं घर नको का?"

आणि तिनं कार्डावर लिहिलं, 'आठ वाट्या, रॉकेल.'

पुढच्या मंगळवारी ती दारातूनच म्हणाली, "रॉकेल ना?" त्यानं मान हलवली. नंतर तेही राहिलं. हे खोटं त्यानं का सांगितलं, याचं उत्तर त्यानं पुढे स्वतःकडे पुष्कळदा मागितलं. वाईट हेतू नव्हता, हे खरं. पण हेतूच नव्हता असं म्हणावं तर तेही पटेना. चार माणसांना हाक मारायचं टाळायचं होतं, एवढा हेतू होताच की.

त्या साली पावसाळा सरता सरता ताप आला.

घरात पहिल्यांदा वहिनीच पडल्या. सकाळी हाक ऐकून तो आत गेला, तर त्या पलंगाच्या कडेवर बसलेल्या आणि पायांकडे टक लावून बघतायत.

"भावजी, माझे पाय कुणी बदलून नेलेत का बघा. हे माझे नव्हेत."

घोटे सुजून गोल झाले होते. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. दोन दिवसांनी दंडांवर आणि पाठीवर लाल पुरळ उठलं. बोटांचे सांधे असे धरले की पाण्याचा पेलाही दोन मनगटांमध्ये दाबून धरावा लागे.

डॉक्टरनं रक्त तपासून घेतलं. "डासाचाच ताप. विषाणू असतो, त्यावर नेमकं औषध नाही. तापाची गोळी, भरपूर पाणी आणि विश्रांती. ताप आठवड्यात जाईल. सांधे वेळ घेतील. कुणाचे महिन्यात मोकळे होतात, कुणाचे वर्षात."

"आणि कुणाचे?" वहिनींनी विचारलं.

डॉक्टरनं मान खाली घालून गोळ्यांची नावं लिहायला घेतली.

महिन्याभरात गल्लीची चालच बदलली. वरच्या मजल्यावरचं जोडपं, कोपऱ्यावरचा चांभार, शाळेतल्या बाई, सगळी कमरेत वाकून, भिंतीला धरून चालायला लागली. लांबून पाहिलं तर अख्खी गल्ली कुणाची तरी माफी मागत निघाली आहे असं वाटावं. चांभार म्हणायचा, "आता कुणाचे जोडे झिजायचे नाहीत, धंदा बसला माझा." पहिले काही दिवस लोक हसले.

मग समोरच्या इस्त्रीवाल्याची आई गेली. म्हातारीला मधुमेह होता, मूत्रपिंडंही थकलेली. ती सकाळपासून खिडकीत, पाय उघडे टाकून बसलेली असे. आठ दिवस तापानं फणफणली आणि नवव्या दिवशी सकाळी संपली. डॉक्टर म्हणाला, ताप निमित्त झाला. शेजारी म्हणाले, वय झालं होतं. बाइंडर जाऊन दाराशी उभा राहिला. इस्त्रीवालाच आधी बोलला.

"दिवसभर तुमच्या दुकानाकडे तोंड करून बसायची, मास्तर. म्हणायची, तो माणूस कात्री खाली ठेवतो तेव्हा बारा वाजलेले असतात."

तो दुकानात परतला तेव्हा दुपार होती. हा डास दिवसाढवळ्या चावतो, फार लांब उडत नाही आणि स्वच्छ पाण्यात वाढतो, असं दारामागच्या कार्डावर छापलेलं होतं. छापलेलं काहीही वाचणारा माणूस, हे त्यानं वर्षभर वाचलं होतं. गल्लीची रुंदी दहा पावलं होती.

तो जमिनीवर पालथा पडला. सोनेरी अक्षरं उठवताना वापरायचं भिंग एका हातात, दुसऱ्यात बॅटरी. पहिल्या वाटीत डोकं खाली करून टांगलेले स्वल्पविराम दिसले. उजेड पडताच ते वळवळत तळाशी गेले आणि थोड्या वेळानं एकेक करून वर येऊन पुन्हा टांगले गेले. आठांपैकी सहा वाट्यांत तेच.

त्यानं काय करायला हवं होतं, हे त्याला नंतर कळलं. त्या वेळी एकच कळत होतं, की हे कुणी पाहता कामा नये. सात वर्षं जे जमलं नव्हतं ते त्यानं तासाभरात एकट्यानं केलं. मांडणीवरची सगळी पुस्तकं जमिनीवर उतरवली, एकेक पाय पहारीनं उचलून विटेवर ठेवला, वाट्या गटारात ओतल्या, घासल्या. मग कोपऱ्यावरून बाटलीभर रॉकेल आणून आठही वाट्या भरल्या. कार्डावर लिहिलेलं शेवटी खरं झालं.

"कसला हो वास येतोय?" आतून वहिनींनी विचारलं.

"साफसफाई करतोय."

"आज बरी आठवली."

पुढच्या मंगळवारी पळीवाली आली, ती तिच्या साहेबांना घेऊन. साहेब थकलेला, पन्नाशीचा माणूस होता. दोन आठवडे असल्याच गल्ल्या तुडवून त्याच्या बुटांचा रंग उडाला होता. त्यानं कार्ड वाचलं, वाकून बॅटरी मारली, नाक आक्रसलं. "रॉकेल. ठीक." आणि उठला.

पळीवाली दारातच थांबली होती. तिनं एकदा श्वास घेतला. मग मांडणीकडे पाहिलं, पायांजवळ फरशीवर उमटलेल्या विटांच्या लाल खुणांकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे. तो तिच्या खांद्यापलीकडे बघत राहिला. वर्षभरात दुकानाला हा वास पहिल्यांदाच येत होता, आणि हे कळणारी माणसं जगात तीन होती.

ती वळून साहेबांमागे बाहेर पडली. बोलणार तरी काय? बोलली असती तर वर्षभर न बघता सही केली, हेच आधी निघालं असतं.

बाहेर रस्त्यावर साहेब तिला म्हणाला ते दुकानात स्पष्ट ऐकू आलं. "एकोणीस आजारी, एक मयत, आणि तुमच्या कार्डांवर सगळी गल्ली कोरडी. मग डास आकाशातून पडले का? पंधरा दिवसांत मला उगम दाखवा. नाहीतर ही गल्ली तुम्ही बघितलीच नाही असं धरावं लागेल. कंत्राट पुढे चालवायचं की नाही, ते मग माझ्या हातात राहणार नाही."

"दाखवते," ती म्हणाली.

त्या आठवड्यात तिनं गल्लीतलं प्रत्येक पिंप पालथं घातलं. पन्हळीवर चढली, टाक्यांत उतरली. बाइंडरच्या दुकानावरून चार वेळा गेली, आत आली नाही. तो कात्री हातात धरून बसून राही. उद्या तिला हाक मारू, म्हणे.

उद्या त्यालाच ताप भरला. चार दिवस तो जमिनीवरच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांशेजारी अंथरुणावर पडून होता. कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागे. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि बोटं मात्र अर्धवट मिटलेली तशीच राहिली, काहीतरी धरून ठेवल्यासारखी. वहिनी भिंत धरत, पाय ओढत आल्या आणि त्याच्याजवळ बसल्या. दोघांची मिळून वीस बोटं, आणि गोळीचं पाकीट उघडायला दातच लावावे लागले.

"वहिनी," तो छताकडे बघत म्हणाला, "त्या वाट्यांत पाणी होतं."

"मला माहीत आहे पाणी होतं. मी का आंधळी आहे?"

"मी तिला रॉकेल सांगितलं होतं. वर्षभर. आत आळ्या होत्या. मी पाहिल्या, आणि ओतून दिल्या."

वहिनींनी गोळीचं पाकीट खाली ठेवलं.

"किती वेळा म्हटलं मी," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "चिलटं उठतात म्हटलं. तुम्ही गटार दाखवलंत मला."

"हो."

"माझी बोटं गेली ती गेली. त्यावर मी आज काही बोलत नाही, बोलले तर उद्या तुम्हाला पाणी द्यायलाही उठणार नाही. पण ती पोरगी काल टाकीतून वर आली तेव्हा कोपरापर्यंत चिखलात होती. तुमचं पाप शोधत फिरतेय ती टाक्यांतून."

"जातो मी. सांगतो."

"बरं वाटल्यावर जाणार असाल तर जाऊच नका."

पंधरा दिवसांना दोन बाकी होते. आरोग्य खात्याचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. सव्वीस पायऱ्या होत्या. त्यानं त्या कठड्यावर कोपर टेकत, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणत चढल्या. वाटेत सतरा वेळा त्यानं मनात पहिलं वाक्य जुळवलं, आणि आत गेल्यावर त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"वाट्या," तो साहेबाच्या टेबलासमोर म्हणाला. "माझ्या दुकानातल्या. त्यांत पाणी होतं."

साहेबानं त्याला बसवलं. कारकुनाला लिहायला सांगितलं. एकदा बोलायला लागल्यावर त्यानं काही राखून ठेवलं नाही: पत्रांची बाई, साठ ओली पुस्तकं, पहारीनं उचललेली मांडणी. तपासणीस बाईंना मी फसवलं, त्यांचा यात काडीचाही दोष नाही, हे वाक्य त्यानं कारकुनाला दोनदा लिहायला लावलं. तेवढ्यात झोळी खांद्याला लावून पळीवाली आत आली आणि त्याला पाहून दाराशीच खिळली.

"सही करा," कारकून म्हणाला.

त्यानं पेन घ्यायचा प्रयत्न केला. ते बोटांतून निसटून टेबलाखाली गेलं. दुसरंही गेलं. शेवटी कारकुनानं शाईचा पॅड पुढे सरकवला, त्याचा अंगठा आपल्या हातात धरला आणि दाबला. सांध्यातून कळ खांद्यापर्यंत गेली. चाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं सोन्यात उठवली, आणि स्वतःच्या नावाच्या जागी हा निळा डाग.

साहेबानं कागद वाचून संपवला. मग पळीवालीकडे पाहिलं. रागानं नाही, आणि तेच वाईट होतं.

"वाटीत बोट घालून बघितलंत?"

"नाही."

"पळी?"

"आत जात नव्हती."

"मग रॉकेल कशावरून लिहिलंत?"

तिनं बाइंडरकडे पाहिलं. "मास्तर म्हणाले म्हणून."

"बावन्न मंगळवार?"

साहेबानं तो कागद समोरच्या फायलीत लावला, तिच्या नावाच्या. बाइंडरला तेव्हा उमगलं की आपण काय आणून दिलं. आत्तापर्यंत तिच्याविरुद्ध नुसता संशय होता. आता पुरावा होता, शेवटी अंगठा लावलेला.

"त्यांचा दोष नाही असं मी लिहून दिलंय," तो म्हणाला.

"लिहिलंय की," साहेब म्हणाला. "पण पाण्यात बोट घालायचं काम तुमचं नव्हतं, त्यांचं होतं. मी वर काय सांगू?"

उतरताना पायऱ्या चढण्यापेक्षा अवघड निघाल्या. चौथ्या पायरीवर तो अडकला. कोपराखाली हात आला, तो तिचा होता. झोळी आता तिच्या खांद्यावर नव्हती.

"डावा पाय आधी," ती म्हणाली. "कठडा सोडू नका."

"मला वाटलं होतं, मी सांगितलं तर तुमचं..."

"कळलं मला काय वाटलं होतं ते."

मधल्या वळणावर दोघं थांबली. त्याला धाप लागली होती.

"आळ्या दिसल्या त्याच दिवशी हाक मारायचीत मला," ती म्हणाली. "तशाच ठेवायच्यात. मी येऊन काढल्या असत्या, उगम मी शोधला असं झालं असतं. आधीच्या चुकीबद्दल चार शब्द ऐकून घेतले असते. तुम्ही सगळं गटारात ओतलंत, मास्तर. आळ्या तेवढ्या गेल्या, बाकी सगळं राहिलं."

"मी घाबरलो."

"मीपण घाबरले. तो वास आला तेव्हा मीही तोंड उघडायला हवं होतं." तिनं त्याचं कोपर नीट धरलं. "चला. अजून बारा आहेत."

खाली रस्त्यावर तिनं त्याला भिंतीशी उभं केलं, वळली आणि निघून गेली. ती पुन्हा त्या गल्लीत दिसली नाही.

गल्लीला मात्र सगळं कळलं. कुणी अंगावर धावून आलं नाही, कुणी दगड मारला नाही. चांभारानं त्याच्याशी थट्टा करणं सोडलं. इस्त्रीवाल्यानं आईच्या खिडकीला पडदा लावला. वहिनी पहाटे गरम पाण्यात हात बुडवून बसत आणि दिवस वर आल्यावर एका फर्म्यात सुई घालून बघत. चार टाके झाले की सुई खाली ठेवत. 'उद्या पाच,' म्हणत, पण पाचाला काही पोचत नसत. त्याच्याशी त्या कामापुरतं बोलत. ग्रंथालयानं आपली पुस्तकं तशीच, सुटी, गठ्ठे बांधून परत नेली.

दोन मंगळवार गल्लीत कुणीच आलं नाही. तिसऱ्या मंगळवारी नवा तपासणीस आला. निवृत्तीला टेकलेला, जाडगेला माणूस होता, चार घरांतच घामानं निथळला होता. त्यानं दाराच्या चौकटीला टेकून कार्ड वाचलं, बॅटरी लांबूनच मांडणीखाली फिरवली.

"वाट्यांत काय, रॉकेल?"

"बघा," बाइंडर म्हणाला.

"वास येतोय की. राहू द्या. तुम्ही म्हणता म्हणजे असेलच." त्यानं पेनाचं टोपण काढलं.

बाइंडर टेबल धरून उठला. पाच पावलं चालायला त्याला वेळ लागला, तोवर त्या माणसाची तारीख लिहून झालीही होती. बाइंडरनं त्याचं मनगट धरलं. धरलं म्हणजे न मिटणारी आपली बोटं त्यावर अडकवली, त्यात जोर नव्हता. पण जन्मात पहिल्यांदाच तो कुणाच्या तरी डोळ्यांत सरळ बघत होता, आणि त्या माणसाचं पेन थांबलं.

"मी काहीच म्हटलेलं नाही," बाइंडर म्हणाला. "खाली बसा. एकेक वाटी. बोट बुडवा."